बॅकअप आहे, पण तो शेवटचा कधी उघडून पाहिला?

२३ नोव्हेंबर २०२२ च्या सकाळी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील, म्हणजेच ‘एम्स’मधील संगणक एकाएकी निरुपयोगी झाले. देशाच्या कानाकोपऱ्यातून आलेले रुग्ण नेहमीप्रमाणे रांगेत उभे होते, डॉक्टर जागेवर होते, औषधे कपाटात होती. फक्त कोणता रुग्ण कोण, त्याची तपासणी कधी झाली आणि तिचा निष्कर्ष काय, हे सांगणारी यंत्रणा बंद पडली होती. सर्व्हरवरील माहिती कोणीतरी कुलूपबंद करून टाकली होती. नोंदणी, प्रयोगशाळेचे अहवाल, बिले, भेटीच्या वेळा हे सारे कागद-पेनावर आले आणि जवळपास दोन आठवडे तसेच राहिले. देशातील सर्वांत नामांकित रुग्णालय एका सकाळीत कित्येक वर्षे मागे गेले.

त्यानंतर केंद्र सरकारने संसदेत दिलेल्या लेखी उत्तरांतून या घटनेचा सांगाडा समोर आला. पाच सर्व्हर बाधित झाले होते आणि सुमारे १.३ टेराबाइट माहिती सांकेतिक कुलपात अडकली होती. हल्लेखोरांचे फावले त्याचे कारणही उत्तरात नमूद होते: संस्थेच्या नेटवर्कची विभागणी योग्य रीतीने झालेली नव्हती. त्याचबरोबर दिलासा देणारी एक गोष्टही सांगितली गेली. हल्ल्याची झळ न पोहोचलेल्या एका बॅकअप सर्व्हरवरून ई-हॉस्पिटल प्रणालीची माहिती परत मिळवता आली आणि ती नव्या सर्व्हरवर बसवली गेली.

या दोन नोंदींमध्ये संगणक-जाळ्यांच्या व्यवस्थापनाचा निम्मा अभ्यासक्रम सामावलेला आहे. जी भिंत नव्हती तिच्यामुळे आग पसरली. जी प्रत आगीपासून दूर राहिली तिच्यामुळे घर पुन्हा उभे राहिले. आणि तरीही, बॅकअप हाती असूनही, दोन आठवडे लागले. प्रत जवळ असणे आणि त्या प्रतीतून काम पुन्हा सुरू करता येणे, या दोन वेगळ्या क्षमता आहेत. पहिली विकत घेता येते. दुसरी केवळ सरावाने येते. आपल्या संस्थांनी, विद्यापीठांनी आणि प्रयोगशाळांनी खरेदीवर जेवढे लक्ष दिले तेवढे सरावावर दिलेले नाही, हेच आजचे खरे दुखणे आहे.

खरेदीला निविदा असते, उद्घाटन असते, फीत असते. रविवारी सकाळी मुख्य सर्व्हर मुद्दाम बंद करून पर्यायी सर्व्हरवर काम चालते का हे पाहणाऱ्या प्रणाली-प्रशासकासाठी कोणी फीत बांधत नाही. उलट, ‘चांगले चाललेले कशाला बंद करता?’ असा प्रश्न त्याला ऐकून घ्यावा लागतो. या प्रश्नाचे उत्तर एवढेच, की आपण होऊन बंद केले नाही तर ते एक दिवस आपोआप बंद पडेल. आणि तो दिवस निवडण्याचा अधिकार तेव्हा आपल्याकडे नसेल.

आधी भिंतींचा विचार करू. सह्याद्रीतील गड पाहणाऱ्याला हे तत्त्व वेगळे समजावून सांगावे लागत नाही. माची पडली तरी बालेकिल्ला लढत राहतो, कारण दोहोंच्या मध्ये तट असतो, दरवाजा असतो आणि त्या दरवाज्यावर पहारा असतो. ज्या नेटवर्कमध्ये स्वागतकक्षातील संगणक, प्रिंटर, सीसीटीव्ही कॅमेरे, पाहुण्यांचे वायफाय आणि रुग्णांच्या नोंदींचा सर्व्हर एकमेकांना थेट हाक मारू शकतात, ते तट नसलेले मोकळे मैदान होय. एका कर्मचाऱ्याने फसव्या ईमेलमधील जोडपत्र उघडले की घुसखोराला पुढची वाट आपोआप मिळते. असे जाळे सपाट असते, म्हणूनच ते उभारायला सोपे आणि बुडवायलाही सोपे.

यावरचा उपाय नवा नाही आणि फार महागही नाही. बहुतेक संस्थांकडे आधीच असलेल्या स्विचमध्ये जाळ्याचे आभासी भाग पाडण्याची, म्हणजे व्हीलॅन करण्याची सोय असते. प्रत्येक भागाच्या सीमेवर फायरवॉल बसवावी आणि ‘सर्व काही बंद, आवश्यक तेवढेच उघडे’ असा नियम ठेवावा. प्रिंटरला माहितीकोशाशी बोलण्याचे काही कारण नसते. कॅमेऱ्याला वेतनाच्या सर्व्हरचा पत्ता ठाऊक असण्याची गरज नसते. प्रशासकाची सर्वाधिकारी खाती रोजच्या ईमेलच्या संगणकावर कधीही वापरू नयेत, आणि त्या खात्यांना पासवर्डखेरीज दुसरा पुरावाही मागावा.

येथेही सरावाचा मुद्दा येतोच. कागदावर आखलेली भिंत प्रत्यक्षात उभी आहे की नाही, हे कळण्याचा एकच मार्ग आहे: स्वागतकक्षातील संगणकासमोर बसावे आणि तेथून माहितीकोशाच्या सर्व्हरपर्यंत पोहोचण्याचा प्रयत्न करावा. पोहोचता आले तर भिंत फक्त आराखड्यात आहे. अनुभव असा, की बहुतेक भिंती एका दिवसात पडत नाहीत. ‘तात्पुरते उघडून द्या, उद्या बंद करू’ अशा एकेका विनंतीने त्यांना भोके पडत जातात आणि तो उद्या कधीच उगवत नाही. म्हणून प्रत्येक सवलतीपुढे ती मागणाऱ्याचे नाव आणि ती संपण्याची तारीख लिहिलेली असावी.

आता बॅकअपकडे वळू. या विषयात ३-२-१ नावाचा एक नियम प्रसिद्ध आहे. तो लोकप्रिय केला पीटर क्रोग या अमेरिकी छायाचित्रकाराने; छायाचित्रे हीच ज्याची आयुष्यभराची कमाई, त्याला हे सुचावे यात नवल नाही. माहितीच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर असाव्यात आणि त्यांतील एक प्रत दुसऱ्या ठिकाणी असावी. रॅन्समवेअरच्या काळात याला एक पुरवणी जोडावी लागते: किमान एक प्रत अशी हवी, जी जाळ्यावरून पुसता किंवा बदलता येणार नाही. हल्लेखोर आत शिरल्यावर बहुधा बॅकअपच आधी शोधतात. प्रत हाती असलेला माणूस खंडणी देत नाही, हे त्यांनाही ठाऊक असते.

पण तीन प्रती असूनही हात रिकामे राहू शकतात. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या सॉफ्टवेअर कंपनीच्या एका अभियंत्याने रात्री उशिरा, कामाच्या ताणाखाली, दुय्यम सर्व्हरवर चालवायची पुसण्याची आज्ञा चुकून मुख्य सर्व्हरवर चालवली. काही क्षणांत सुमारे ३०० गीगाबाइट माहिती गेली. त्यानंतर जे उघड झाले ते अधिक धक्कादायक होते. माहिती जपण्याच्या पाच वेगवेगळ्या व्यवस्थांपैकी एकही भरवशाची निघाली नाही. रोजचा बॅकअप सॉफ्टवेअरच्या आवृत्त्या न जुळल्यामुळे कित्येक दिवस होतच नव्हता आणि तो होत नसल्याचा इशारा देणारे ईमेलही कोणापर्यंत पोहोचत नव्हते. शेवटी कामी आली ती त्या अपघाताच्या सुमारे सहा तास आधी वेगळ्याच कारणासाठी हाताने घेतलेली एक प्रत. मधल्या सहा तासांतील नोंदी कायमच्या गेल्या. कंपनीने हे सारे लपवले नाही. पुनर्स्थापनेचे काम जगासमोर उघडपणे केले आणि दोष त्या एका माणसावर न ढकलता प्रक्रियेत शोधला. तो अहवाल प्रत्येक विद्यार्थ्याने वाचावा असा आहे.

विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना अधिक जवळचे वाटेल असे उदाहरण जपानमधील आहे. डिसेंबर २०२१ मध्ये क्योतो विद्यापीठाच्या महासंगणकाच्या साठवणीतून सुमारे ७७ टेराबाइट संशोधन-माहिती पुसली गेली. ३ कोटी ४० लाखांच्या आसपास फायली, १४ संशोधन गट. त्यांपैकी चार गटांची माहिती परत मिळण्याची शक्यताच उरली नाही. यात कोणी हल्लेखोर नव्हता. विरोधाभास असा, की माहिती पुसली ती बॅकअपच्याच कार्यक्रमाने. जुन्या लॉग फायली पुसणारी एक स्क्रिप्ट चालू असतानाच तिच्या जागी तिची सुधारित आवृत्ती ठेवण्यात आली. बॅश ही आज्ञावली स्क्रिप्ट वाचत वाचत पुढे जाते. त्यामुळे अर्धे काम जुन्या मजकुराने आणि उरलेले नव्या मजकुराने झाले. पुसायच्या जागेचे नाव ज्या चलात असायचे ते चलच ठरलेले नव्हते आणि लॉगऐवजी संशोधकांच्या फायली पुसल्या गेल्या. कित्येक महिन्यांच्या गणना, कोणाच्या तरी प्रबंधाचा कणा, एका किरकोळ वाटणाऱ्या सुधारणेने नाहीसा झाला.

या दोन्ही घटनांतून निघणारा सल्ला साधा आहे. बॅकअप झाला, असा हिरवा दिवा पाहून समाधान मानू नये. दर तिमाहीत सहा महिन्यांपूर्वीची एखादी फाइल यदृच्छेने निवडावी, ती बॅकअपमधून वेगळ्या यंत्रावर परत आणावी, तिचा चेकसम मूळ फायलीशी जुळतो का ते पाहावे आणि या कामाला किती वेळ लागला ते घड्याळ लावून लिहून ठेवावे. वर्षातून एकदा संपूर्ण प्रणाली रिकाम्या यंत्रावर उभी करून पाहावी. त्यातून दोन प्रश्नांची उत्तरे आकड्यांत मिळतात: पुन्हा उभे राहायला किती तास लागतील, आणि त्यात किती तासांची माहिती गमवावी लागेल. ज्या संस्थेला हे दोन आकडे ठाऊक नाहीत, तिच्याकडे बॅकअप असेलही. पण बॅकअपची योजना नाही.

सरावाशिवाय पर्यायी व्यवस्थाही कशी नावापुरती उरते, हे मुंबईने २४ फेब्रुवारी २०२१ रोजी पाहिले. राष्ट्रीय शेअर बाजारातील व्यवहार सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी थांबले आणि दुपारी पावणेचारला पुन्हा सुरू झाले. बाजाराकडे दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या दूरसंचार जोडण्या होत्या. त्या दिवशी दोन्हींत बिघाड झाला. संकटकाळासाठी उभारलेले पर्यायी केंद्रही होते. मग व्यवहार तेथे का हलवले गेले नाहीत, असा प्रश्न नियामक असलेल्या ‘सेबी’ने विचारला. प्रश्न मर्मावर बोट ठेवणारा होता. पर्यायी केंद्र असणे पुरेसे नव्हते. कोणत्या क्षणी, कोणाच्या निर्णयाने आणि किती मिनिटांत तेथे जायचे, हे हाडीमासी खिळलेले असायला हवे होते.

या कथेचा पुढचा भाग आशादायक आहे. त्यानंतर नियम कडक झाले आणि २ मार्च २०२४ रोजी, एका शनिवारी, देशातील दोन्ही मोठ्या शेअर बाजारांनी विशेष सत्र घेतले. पहिला भाग मुख्य केंद्रावरून आणि दुसरा पर्यायी केंद्रावरून, तोही खऱ्या व्यवहारांसह. मे महिन्यात आणखी एका शनिवारी हा सराव पुन्हा झाला. पैशाच्या बाजाराला जर शनिवार काढता येतो, तर रुग्णालयाला, विद्यापीठाच्या परीक्षा विभागाला आणि राष्ट्रीय प्रयोगशाळेला तो काढता येऊ नये, याला पटेल असे कारण नाही.

सरावाचा आणखी एक भाग दुर्लक्षित राहतो: घड्याळे आणि नोंदी. घुसखोरी झाल्यावर तपास करणाऱ्याच्या हाती असतात त्या फक्त लॉग फायली. फायरवॉलचे घड्याळ चार मिनिटे पुढे आणि सर्व्हरचे सात मिनिटे मागे असेल, तर आधी काय घडले आणि नंतर काय, हा क्रमच हरवतो. मग कारण आणि परिणाम यांची अदलाबदल व्हायला वेळ लागत नाही. ‘सर्ट-इन’ या राष्ट्रीय संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांत म्हणूनच तीन गोष्टी एकत्र आहेत: सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवणे, १८० दिवसांचे लॉग जपणे, आणि सर्व यंत्रांची घड्याळे राष्ट्रीय माहितीविज्ञान केंद्राच्या किंवा राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या कालमापनाशी जुळवून घेणे. दिल्लीच्या या प्रयोगशाळेतील अणुघड्याळे भारतीय प्रमाणवेळ सांभाळतात. भौतिकशास्त्राचे अत्यंत सूक्ष्म कालमापन एखाद्या रुग्णालयाच्या चोरीच्या तपासात साक्ष देते, ही विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना सुखावणारी गोष्ट आहे. मात्र लॉग साठवणे म्हणजे लॉग वाचणे नव्हे. दर आठवड्याला कोणीतरी ते चाळलेच पाहिजेत; एरवी जाळ्याचा दिनक्रम कसा असतो हे ज्याला माहीत नाही, त्याला विपरीत काही दिसले तरी ते ओळखता येणार नाही.

या साऱ्यावर तीन आक्षेप हमखास घेतले जातात. पहिला: ‘आमची संस्था लहान, आमच्यावर कोण हल्ला करणार?’ क्योतोच्या घटनेत हल्लेखोरच नव्हता आणि गिटलॅबच्याही. चूक, वीज, आग आणि पाणी हे संस्थेचा आकार विचारून येत नाहीत. दुसरा: ‘आता सर्व क्लाउडवर आहे.’ क्लाउड म्हणजे दुसऱ्याच्या मालकीचे संगणक होत. ते उत्तम सांभाळलेले असतील. पण आपल्याच कर्मचाऱ्याने चुकून पुसलेली फाइल किंवा चोरीला गेलेला आपलाच पासवर्ड, याची जबाबदारी सेवादात्यावर टाकता येत नाही.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: ‘उत्तम सुरक्षा सॉफ्टवेअर घेतले आहे, ते पाहून घेईल.’ १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अद्ययावतीकरणामुळे जगभरातील, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार, सुमारे ८५ लाख विंडोज संगणक कोलमडले. भारतातील विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. रखवालदारच उंबरठ्यावर कोसळला तर घराचे काय, याचा विचार आधी झालेला असावा लागतो. कोणताही बदल आधी दोन-चार यंत्रांवर, मग एका विभागात आणि त्यानंतरच सर्वत्र, ही शिस्त कंटाळवाणी वाटते. पण त्या दिवशी ती पाळली गेली असती तर बातमी झाली नसती.

आणि न झालेली बातमी हेच प्रणाली-प्रशासकाचे यश असते. त्याच्या कामाची दुर्दैवी गंमत अशी, की ते उत्तम झाले तर कोणाच्या लक्षात येत नाही आणि चुकले तर सर्वांच्या येते. म्हणून त्याचे पद अनेक संस्थांत कंत्राटी, पगार तुटपुंजा आणि अधिकार नगण्य असतात. सर्व पासवर्ड आणि सर्व जोडण्यांचा नकाशा त्या एकाच माणसाच्या डोक्यात असतो. तो नोकरी सोडून गेला की संस्थेची स्मृतीही त्याच्याबरोबर जाते. नकाशा लिहून ठेवणे, त्याची छापील प्रत ठेवणे (कारण संगणकच बंद पडल्यावर संगणकातील नकाशाचा उपयोग नसतो), आणि वर्षातून एक दिवस त्या माणसाला मुद्दाम रजा देऊन उरलेल्यांना प्रणाली उभी करायला सांगणे, एवढ्यानेही पुष्कळ उणिवा उघड्या पडतील.

सरावाची संस्कृती या देशाला परकी आहे असेही नाही. जुलै २०२३ मध्ये चांद्रयान-३ च्या उड्डाणाच्या तीन दिवस आधी ‘इस्रो’ने चोवीस तासांची संपूर्ण प्रक्षेपण-रंगीत तालीम पूर्ण केल्याचे जाहीर केले होते. यान तेच, माणसे तीच, क्रम तोच. फक्त प्रज्वलन नाही. त्या तालमीला कोणी वेळेचा अपव्यय म्हटले नाही. अवकाशात जे शहाणपण आपण गृहीत धरतो, ते रुग्णालयाच्या तळघरातील सर्व्हरच्या खोलीत का उतरत नाही? तेथे तर चंद्रापेक्षा कितीतरी जवळची माणसे अवलंबून असतात.

विद्यार्थ्यांनी या प्रश्नाची सुरुवात स्वतःपासून करावी. प्रबंधाची आकडेवारी ज्या लॅपटॉपवर आहे तो आज रात्री बंद पडला, तर उद्या सकाळी कामाला कोठून सुरुवात होईल? याचे उत्तर आठवून देऊ नये, करून पाहावे. दुसऱ्या संगणकावर बसून, केवळ बॅकअपच्या आधारे, एक आलेख पुन्हा काढावा. निघाला तर निश्चिंत झोपावे. नाही निघाला, तर लॅपटॉप अजून चालू आहे तोवर उणीव सापडली, हेच भाग्य समजावे. दिल्लीतील त्या सकाळी रांगेत उभ्या असलेल्या रुग्णांना एवढी सवड मिळाली नव्हती.